बाभूळ, हिरडा आणि कातडे

विहिरींवर मोटा चालत होत्या तोवर दख्खनच्या शेतीचा निम्मा डोलारा कातड्यावर उभा होता असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मोट आणि तिची सोंड कातड्याची, भिस्त्याची पखाल कातड्याची, तेलातुपाचे बुधले कातड्याचे. लोहाराचा भाता, घोड्याचे खोगीर, बैलाच्या मानेखालचा पट्टा, आसूड, पायातले पायताण, सगळे कातड्याचेच. एवढी मागणी पुरवणारा धंदा गावोगाव चालत होता. बहुतेक ठिकाणी मेलेले जनावर ओढून नेऊन त्याचे कातडे काढण्याचे काम महारांकडे, ते कमावण्याचे ढोरांकडे आणि कमावलेल्या कातड्याच्या वस्तू करण्याचे चांभारांकडे असे. आपल्या आर्थिक इतिहासात शेतसारा येतो, वतने येतात, कापूस आणि गूळ येतो. कातडे कमावण्याचा विषय मात्र जातिव्यवस्थेच्या प्रकरणात, घाणीचे काम म्हणून, दोन ओळींत संपतो. त्या दोन ओळींत अन्यायाची नोंद असते, विद्येची नसते. या लेखाचे म्हणणे असे की कातडे कमावणे ही पूर्ण अर्थाने रसायनविद्या होती. तिच्या प्रत्येक पायरीमागे पदार्थाची नेमकी पारख होती. ती विद्या म्हणून मोजली गेली नाही याचे कारण तिच्या दर्जात शोधायचे नाही, ती कोणाच्या हातात होती यात शोधायचे आहे. या म्हणण्याला पुरावा हवा, आणि तो कातड्याच्या आतच आहे.

कातड्याचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. त्याच्या एका रेणूत प्रत्येकी सुमारे १००० अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या असतात. प्रत्येक साखळी डावीकडे पीळ घेते आणि तिन्ही मिळून उजवीकडे पीळ घेत एकमेकींभोवती वळतात. तीन पेडांचा दोर वळताना पेडाचा पीळ एका बाजूचा आणि दोराचा उलट बाजूचा ठेवतात, म्हणजे दोर उलगडत नाही. इथेही तेच घडते. पीळ घट्ट बसावा म्हणून साखळीतले दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते. सर्वांत लहान अमिनो आम्ल तेच, आणि पिळाच्या मध्यभागी दुसऱ्या कशालाही जागा नसते. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन यांनी व्यापलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे साखळीला ताठपणा येतो. असा एक रेणू साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. हे रेणू शेजारी शेजारी, पण एकमेकांपासून ठरावीक अंतर सरकून रचले जातात. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजेनच्या तंतूवर सुमारे ६७ नॅनोमीटरवर पुन्हा पुन्हा येणारे आडवे पट्टे दिसतात. शेवटचा टप्पा बंधांचा. लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर काही लायसीन अमिनो आम्लांच्या टोकांचे अल्डिहाइड करते आणि ती टोके शेजारच्या रेणूंशी जोडली जातात. यांनाच आडबंध म्हणायचे. जनावराचे वय वाढते तसे हे बंध अधिक पक्के होत जातात. वासराचे कातडे मऊ आणि म्हाताऱ्या बैलाचे राठ असण्यामागे जाडीखेरीज हेही एक कारण आहे.

निसर्गाने दिलेले हे आडबंध जिवंत जनावराला पुरतात, मेलेल्याच्या कातड्याला पुरत नाहीत. ओले कच्चे कातडे जिवाणूंचे खाद्य आहे. उन्हाळ्यात ते दोन दिवसांतच वास मारू लागते. वाळवले तर कुजत नाही, पण तंतू एकमेकांना चिकटून शिंगासारखे कडक होते. पाण्यात घालून तापवले तर साधारण ६० ते ६५ अंशांवर एकदम आक्रसते, कारण त्या तापमानाला तिहेरी पीळ सुटायला लागतो. उकळत ठेवले तर साखळ्या मोकळ्या होऊन पाण्यात उतरतात आणि उरतो तो सरस. गावच्या कारागिरांनी एकाच पदार्थाच्या या सगळ्या अवस्था ओळखल्या होत्या आणि जिथे जी हवी तिथे ती वापरली होती. हलगीला आणि तबल्याच्या पुडीला कमावलेले कातडे चालत नाही. तिथे कच्चेच लागते, कारण ताण धरायचा आणि नाद द्यायचा तर तंतू आवळलेले हवेत. हलगी वाजवण्याआधी जाळावर धरतात ती कातड्यातला ओलावा घालवून स्वर चढवण्यासाठी. सुताराला जोड चिकटवायला सरस लागे, म्हणजे पीळ पुरता सुटलेले कोलॅजेन. आणि मोटेला, पखालीला, पायताणाला लागे ते असे कातडे, जे ओले झाले तरी कुजणार नाही आणि वाळले तरी कडकणार नाही. एकच माल कुठे कच्चा ठेवायचा, कुठे विरघळवायचा आणि कुठे कमवायचा याची ही निवड पाहिली म्हणजे या लोकांना आपल्या पदार्थाचा स्वभाव किती बारकाईने कळला होता ते ध्यानात येते.

कमावण्याची पहिली मोठी पायरी चुन्याची. धुऊन, मांस खरवडून काढलेले कातडे चुन्याच्या निवळीत काही दिवस बुडवून ठेवत आणि अधूनमधून वरखाली करत. मग केस सैल होत आणि बोथट धारेच्या हत्याराने खरवडून निघत. इथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. केस हे प्रथिन आणि कातडेही प्रथिन. मग चुना एकाला खातो आणि दुसऱ्याला सोडतो असे का? उत्तर बंधांच्या जातीत आहे. केसाचे आणि कातड्याच्या वरच्या पापुद्र्याचे केराटिन गंधकाच्या बंधांनी बांधलेले असते आणि ते बंध, विशेषतः केसाच्या मुळाशी असलेल्या कोवळ्या भागातले, अल्कलीपुढे टिकत नाहीत. कातड्यातल्या मुख्य कोलॅजेनमध्ये गंधकाचे बंध नसतातच. त्याचे आडबंध वेगळ्या घडणीचे असल्याने चुन्याला फारशी दाद देत नाहीत. शिवाय चुना तंतूंच्या मधली इतर प्रथिने धुऊन काढतो आणि तंतू फुगवून मोकळे करतो, त्यामुळे पुढे सालीचा रस आत शिरायला वाट होते. पण मुदत चुकली तर तोच चुना कोलॅजेनलाही पोखरतो आणि कातडे फोपसे पडते. किती दिवस ठेवायचे हे ऋतूवर, चुन्याच्या कसावर आणि जनावराच्या वयावर ठरे, आणि बोटांनी दाबून, केस उपटून पाहून ठरे. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ प्रक्रियेचा शेवट ओळखण्यासाठी रंग बदललेला पाहतो. ढोर कारागीर तेच काम स्पर्शाने करत होता.

दुसरी पायरी सालीची. बाभळीची साल, हिरडा आणि माळरानावर उगवणाऱ्या तरवडाची साल हे दख्खनचे मुख्य जिन्नस. तिन्हींत टॅनिन, म्हणजे कोलॅजेनला धरून बसणारे द्रव्य, असते, पण एका प्रकारचे नसते. बाभूळ आणि तरवड यांचे टॅनिन घट्ट बांधणीचे. ते कातड्याला भरीवपणा आणि लालसर रंग देते. पक्व हिरड्याच्या दळात वजनाच्या साधारण ३० टक्के टॅनिन असते आणि ते पाण्यात राहून हळूहळू फुटणारे असते. हिरड्यात साखरही असते. ती आंबली की रस आंबट होतो, तो आंबटपणा कातड्यात उरलेला चुना मारतो आणि टॅनिनला आत शिरायला योग्य अशी स्थिती तयार करतो. हिरड्याने बाभळीचा गडद रंगही उजळतो. म्हणजे बाभूळ आणि हिरडा एकत्र वापरण्यात एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढण्याचा हिशेब होता. हिरडा किती मोलाचा होता याची साक्ष जगाच्या बाजारानेही दिली. भारतातून परदेशी जाणाऱ्या हिरड्याच्या ज्या प्रती युरोपातल्या व्यापारात ओळखल्या जात त्यांतल्या एकीचे नाव ‘व्हिंगोर्ला’ होते, आणि ते आपल्या वेंगुर्ले बंदरावरून पडले होते. सह्याद्रीतल्या आदिवासींनी गोळा केलेले फळ इंग्लंडच्या कारखान्यांत कातडी कमावत होते, त्या काळात त्याच फळाने गावात कातडी कमावणारा माणूस मात्र अडाणी गणला जात होता.

या पायरीची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या युरोपी पद्धतीत ओकची साल आणि कातडी खड्ड्यात थरावर थर रचून वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, पडू देत. दख्खनमध्ये मोठी कातडी आधी जुन्या, उतरलेल्या रसात घोळवत. मग कातडे दुमडून कडा शिवत आणि त्याचीच पिशवी करत. तिचे तोंड उघडे ठेवून ती लाकडी चौकटीला टांगत, आत कुटलेली साल भरत आणि वरून रस ओतत. रस कातड्यातून पाझरून खालच्या भांड्यात ठिबके, तो पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी टाके उसवून पिशवी उलटी टांगत, वरची बाजू खाली आणि खालची वर. यातली प्रत्येक कृती सकारण आहे. सुरुवातीलाच कडक रस दिला तर बाहेरचा थर चटकन बांधला जातो, आतला रस्ता बंद होतो आणि मधला भाग कच्चा राहतो; म्हणून आधी उतरलेला रस. पिशवीतल्या रसाच्या वजनाने टॅनिन कातड्याच्या जाडीतून ढकलले जाते, म्हणून वर्षाचे काम आठवड्यांवर येते. दाब तळाशी जास्त आणि तोंडाशी कमी, म्हणून पिशवी उलटायची. कोल्हापुरी चपलेचा जाड तळ, जो खिळ्यांवाचून चामड्याच्या वादीनेच शिवला जातो, तो पारंपरिक रीतीने अशाच पिशवीत कमावलेल्या कातड्याचा असे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कारागिरांना कृती माहीत होती, कारण माहीत नव्हते. मग याला विद्या कसे म्हणायचे? या आक्षेपाची कसोटी सगळ्यांना सारखी लावून पाहावी. कोलॅजेनची घडण १९५० पर्यंत जगात कोणालाच ठाऊक नव्हती. १९५१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी तिचा एक नमुना मांडला, तो चुकीचा निघाला. १९५२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असताना त्यांनी हा प्रश्न सुटलेला नाही हे तिथले शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांच्या नजरेस आणले. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रे अभ्यासून १९५४ मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये ती साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या अशी सुधारली. त्याच वर्षी केंब्रिजच्या अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी तपशिलावर हरकत घेतली. दर तीन अमिनो आम्लांमागे साखळ्यांमध्ये दोन हायड्रोजन बंध बसत नाहीत, एकच बसतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते पुढे मान्य झाले. तिहेरी पिळाची मूळ कल्पना मात्र मद्रासचीच टिकली. १९९४ मध्ये कोलॅजेनसारख्या पेप्टाइडचा स्फटिक तपासला गेला तेव्हा ती प्रत्यक्ष दिसली. सरकल्या रचनेचा आजचा नमुना १९६३ चा आणि लायसिल ऑक्सिडेजचा शोध १९६८ चा. तेव्हा ‘का’ माहीत असणे हीच विद्येची अट धरली, तर त्याआधीचा इंग्लंड-जर्मनीतला एकही चर्मोद्योजक विद्वान ठरत नाही. युरोपातल्या कारागिराला आपण तंत्रज्ञ म्हणतो आणि सोलापूर-कोल्हापूरच्या कारागिराला हातकामाचा मजूर म्हणतो, तेव्हा कसोटी बदललेली असते. जे वारंवार करून तेच फळ देते, ज्याच्या चुका ओळखता येतात आणि सुधारता येतात, जे शिकवता येते, त्याला ज्ञान म्हणायला रेणूचे चित्र लागत नाही.

दुसरा आक्षेप रसायनशास्त्रातून येतो आणि तो जास्त वजनदार आहे. आडबंध हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर तो पक्क्या बंधांसाठी. टॅनिन कोलॅजेनशी जोडले जाते ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी, आणि असा एकेक बंध कमजोर असतो. मग साल घालून रेणू ‘बांधले’ म्हणणे ही अलंकारिक भाषा झाली नाही का? आक्षेप अर्धा खरा आहे. पण टॅनिनच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट पुष्कळ असतात आणि तो एकाच वेळी अनेक ठिकाणी साखळीला धरतो. एकेक पकड ढिली असली तरी सगळ्या एकदम सुटत नाहीत. रेणूचे मापही मोक्याचे. कमावण्याला उपयोगी टॅनिनचा रेणुभार साधारण ५०० ते ३००० असतो. याहून लहान रेणू साखळ्यांमधले अंतर सांधू शकत नाहीत, मोठे रेणू आत शिरत नाहीत. तंतूंच्या मध्ये टॅनिन बसल्यामुळे वाळल्यावर तंतू एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून कातडे लवचीक राहते. जिवाणूंच्या विकरांनाही शिरकाव मिळत नाही, म्हणून ते कुजत नाही. याचे माप आक्रसण्याच्या तापमानाने घेता येते. कच्चे कातडे ६० ते ६५ अंशांवर आक्रसते, सालीने कमावलेले साधारण ७५ ते ८५ वर. हे १५-२० अंश म्हणजे पिळाला मिळालेला आधार. बंधाचे नाव काहीही द्या, आधार मोजता येतो. आणि ज्यांच्याजवळ तापमापक नव्हता त्यांनी तो मिळवला होता.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या कागदपत्रांतला. मुंबई इलाख्यातल्या या धंद्याची पाहणी सरकारने करवली. जे. आर. मार्टिन यांची पुस्तिका १९०३ ची, ए. गथ्री यांचा अहवाल १९१० चा. त्या काळच्या अशा लिखाणात देशी कातड्याच्या दोषांची यादी येते: सोलताना पडलेले काप, डाग दिल्याच्या खुणा, जास्त झालेला चुना, कच्चा राहिलेला गाभा. हे दोष खोटे नव्हते. ते नाकारून देशी पद्धतीला डोक्यावर घेणे हा दुसऱ्या टोकाचा आंधळेपणा होईल. पण दोषांची कारणे पाहा. डाग देणारा शेतकरी किंवा वैदू. सोलण्याचे काप घाईतले, आणि तेही बहुतेक आपोआप मेलेल्या जनावरावरचे. गाभा कच्चा राही तो मुदत आवरती घेतल्याने, आणि मुदत आवरती घेतली जाई ती भांडवल नसल्याने. ज्याला उसनवारीवर साल आणावी लागते त्याला माल सहा आठवडे टांगून ठेवणे परवडत नाही. दोष विद्येचा की दारिद्र्याचा, हे अहवालांनी वेगळे करायला हवे होते.

सालीपेक्षा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले कातडे चांगले, हा मुद्दा मात्र खराखुरा आहे. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. क्रोमियम कोलॅजेनच्या आम्लगटांशी, म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांशी, घट्ट बांधले जाते. त्यामुळे कातडे उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही आणि आठवड्यांचे काम एका दिवसात उरकते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अभियंते आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोमचे प्रयोग सुरू केले ते बुटांसाठी नव्हे, तिथल्या विहिरींवरच्या चामडी मोटांसाठी, कारण सालीने कमावलेले कातडे सतत पाण्यात राहिले की त्यातले टॅनिन हळूहळू धुपून जाते. पाण्याच्या कामात क्रोम सरस ठरले हे सरळ मान्य करावे. तसेच दुसरी बाजूही मान्य करावी. जाड, ताठ, घाम पिणारा आणि पायाच्या आकाराला बसणारा तळ हवा असेल तर साल आजही क्रोमपेक्षा उजवी पडते. आणि क्रोमच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न तामिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्याने आणि कानपूरने भोगला आहे. मोटेला शेवटी क्रोमने हरवले नाही. तेलाच्या इंजिनाने आणि विजेच्या पंपाने मोटच काढून टाकली आणि ढोर समाजाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. ज्या कामाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावाबाहेर ठेवले त्याचे गोडवे गाणे हा अन्यायाला मुलामा देण्याचा प्रकार नव्हे का? बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा आग्रह धरला, त्याच वर्षी ‘बहिष्कृत भारत’मधून महार वतनावर कोरडे ओढले आणि वंशपरंपरेने गळ्यात पडलेल्या कामातून बाहेर पडण्याची हाक दिली. ती हाक योग्यच होती. एखादे काम जातीने लादले जाते तेव्हा त्यात कितीही कौशल्य असो, ते सोडण्याचा हक्क आधी येतो. इथे मुद्दा ते काम पुन्हा कोणाच्या माथी मारण्याचा नाही, हिशेबाचा आहे. अस्पृश्यतेने दोन गोष्टी हिरावल्या. एक माणसाची प्रतिष्ठा आणि दुसरी त्याच्या ज्ञानाची नोंद. पहिल्या चोरीबद्दल आपण बोलतो, दुसरीबद्दल बोलत नाही. ढोर समाज ज्या कक्कय्यांची परंपरा सांगतो ते बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणातल्या शरण मंडळीत मानाने बसत होते. त्या चळवळीत हरळय्यांसारखे चर्मकारही होते. श्रमाला आणि श्रम करणाऱ्याच्या बुद्धीला एकत्र मान देण्याचा तो प्रयत्न मोडून काढला गेला. त्यानंतर या कारागिरांची विद्या लिहून ठेवण्याचे काम झाले ते थेट इंग्रजी अमलात, आणि तेही निर्यातीचा माल सुधारावा म्हणून.

या धंद्याचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वांद्र्याच्या कत्तलखान्याला धरून धारावीत चामड्याचे कारखाने वाढले. तमिळ मुस्लिम व्यापारी आणि कारागीर तिथे आले, दख्खनमधून ढोर आले. धारावीतला ढोरवाडा ही त्याचीच खूण. पुढे शहराच्या प्रदूषणनियमांनी कातडे कमावण्याचे काम तिथून बहुतांश हटले आणि शिवणकाम राहिले. संशोधनाचे केंद्र मद्रासला गेले. तिथे १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली आणि आज तिच्या सभागृहाचे नावच ‘ट्रिपल हेलिक्स’ आहे. चामड्याचे शास्त्र आणि कोलॅजेनचे शास्त्र ही एकाच घरची आहेत हे निदान त्या शहराने ओळखले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली आणि कोल्हापुरीच्या कारागिरांना म्हशीच्या, बऱ्याचदा बाहेरून येणाऱ्या, चामड्यावर जास्त अवलंबावे लागले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीशी मिळतीजुळती चप्पल झळकली. मुळाचा उल्लेख नाही म्हणून इकडे गहजब झाला आणि कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले.

त्या वादात आपण परक्या कंपनीकडे श्रेय मागितले ते बरोबरच केले. पण श्रेयाचा हिशेब घरातही अपुरा आहे. मानांकन चपलेला आहे आणि गौरव ती शिवणाऱ्या हातांचा होतो. तळाचे कातडे ज्यांनी कमावले ते ढोर कारागीर त्या गौरवात जेमतेम दिसतात. सालीने कमावलेल्या तळाशिवाय कोल्हापुरी ही निव्वळ एक आकृती उरते, आणि आकृतीची नक्कल कोणीही करू शकतो. चुन्याची मुदत कशी ओळखायची, कोणत्या ऋतूत कोणती साल किती, रस उतरला हे कशावरून कळते, पिशवी कधी उलटायची ही माहिती असलेली माणसे आता थोडी आणि वयस्क आहेत. त्यांच्या तोंडून ती त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावानिशी नोंदवून घेणे आणि रसायनशास्त्राच्या मापांनी तपासून पाहणे हे काम कोल्हापूर-सोलापूरच्या विद्यापीठांना सहज करता येईल. त्याला फार पैसा लागत नाही, वेळ मात्र थोडा उरला आहे. ज्या समाजाला आपण कमीपणा दिला त्याला निदान त्याच्या विद्येची पोच तरी द्यावी, आणि ती लेखी द्यावी.